जत्रेतला पाळणा

खडेबाजारातल्या खेळण्यांच्या दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "बाळ केवढं हाय, मॅडम?" तेव्हा मी सरळ टाळलं. "मोठं हाय," म्हटलं. "मोठं म्हणजे?" "लई मोठं." तो बिचारा वयाप्रमाणं खोके काढायच्या बेतात, आणि मी काउंटरपाशी उभी: बेचाळिशीची बाई, शाळेत गणित शिकवणारी, हातातल्या पिशवीतनं शेपूची जुडी बाहेर आलेली. ते बाळ म्हणजे मीच, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी आडून आडून विचारायला नको. आम्हाला मूल नाही. बेळगाव झालं, मिरज झालं, कोल्हापूर झालं. सुया, गोळ्या, रिपोर्ट, उपास, सगळं झालं. एकदा दवाखान्यातनं परत येताना आमच्या ह्यांनी गाडी रस्त्याकडंला घेतली आणि म्हणाले, "बास करूया का गं आता?" मी म्हटलं, "करूया." तिथंच गाड्यावर उसाचा रस प्यालो आणि घरी आलो. पण बास केलं ते आम्ही दोघांनी. सासूबाईंनी नव्हतं केलं. त्यांना मी आत्ती म्हणते. त्या बेळगुंदीला, शेतावरच्या घरात. आम्ही इकडं हिंडलग्याला, कारण ह्यांचा कारखाना आणि माझी शाळा दोन्ही इथनं जवळ. आत्तींना हा एकुलता एक मुलगा, आणि नातवंडासाठी त्यांचा जीव अडकून राहिलेला. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, हे मी कुणापुढंही सांगेन. पण सणावाराला माझ्या कपाळाला कुंकू लावताना त्यांचं बोट जरा जास्त वेळ तिथंच राहायचं. तेवढ्यात मला काय ते कळायचं.

दवाखाने सुटले आणि रविवार अंगावर यायला लागले. अशाच एका रविवारी मी तो खोका उघडला. शाळेतल्या एका बाईंच्या मुलाच्या वाढदिवसासाठी आणलेला, त्याला ताप आला म्हणून वाढदिवस राहिला आणि खोका कपाटावर पडून होता. प्लॅस्टिकचे ठोकळे, एकात एक बसणारे. म्हटलं, बघू तरी काय असतंय. संध्याकाळी हे घरी आले तर मी फरशीवर मांडी घालून, केस सुटलेले, स्वयंपाकाचा पत्ता नाही. हे दारातच उभे. "काय करालीस?" "गप बसा, गाडीची चाकं बसवालोय," मी म्हटलं. आमच्याकडं बायका अशाच पुरुषासारखं आलो-गेलो बोलतात, आणि त्यात मी चिडले की विचारूच नका. ह्यांनी चप्पल काढली, डबा जागेवर ठेवला आणि शेजारी येऊन बसले. त्या रात्री आम्ही पोहे खाल्ले.

तिथनं वेडच लागलं. ज्यानं कधी हे केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, पण सांगते. खोक्यात पिशव्या असतात, पिशव्यांवर आकडे. सगळ्या एकदम फोडायच्या नाहीत हा पहिला नियम. मी पहिल्यांदा फोडल्या आणि पस्तावले. एकेक पिशवी ताटात ओतायची आणि रंगावारी निवडायची. निवडायचं काम ह्यांचं. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या वाट्या माझ्याकडं ढिगानं होत्या, इतक्या वर्षांत त्यांचा पहिल्यांदा उपयोग झाला. लाल एका वाटीत, करडे एका वाटीत, आणि ते अगदी मुगाएवढे बारीक असतात ते झाकणाच्या डबीत, नाहीतर झाडू मारताना गेलेच. हे तांदूळ निवडल्यासारखे खाली मान घालून निवडत बसायचे आणि मी पुस्तक बघून जोडायची.

पुस्तकात एक शब्द नसतो बघा. नुसती चित्रं. मराठी नाही, कानडी नाही, इंग्रजी नाही. आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली ह्यावरनं माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि इथं हे एवढं जाड पुस्तक तोंड न उघडता सगळं सांगतंय. एक ठोकळा दुसऱ्यावर नीट बसला की टक् असा आवाज होतो. तो आवाज आला की माझ्या मानेपासनं खाली काहीतरी सैल व्हायचं. अंगठ्याचं टोक दुखून लाल व्हायचं, तरी सोडवत नसे. एकदा एका टुमदार बेकरीचा जिना एका खाचेनं बाजूला सरकला. पुढं छप्पर बसेना तेव्हा कळलं. हे म्हणाले, "राहू दे, कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय न्हवं?" आणि उलटी पानं फिरवत सगळं परत उतरवलं, जिना नीट केला, पुन्हा चढवलं. मला तर त्याचाच आनंद जास्त झाला. चूक कुठं झाली ते बोट ठेवून दाखवता आलं आणि दुरुस्त करता आलं. दवाखान्यात इतकी वर्षं आम्ही एकच ऐकत आलो होतो, सगळं नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल, आणि मूल नाही. गणित शिकवणाऱ्या बाईला असलं उत्तर चालतं होय?

पण हे सगळं चोरून. बेकरी, गाडी, छोटं रेल्वे स्टेशन, सगळं मागच्या खोलीत, दाराला कडी. लोकांना काय सांगणार? दारू पितो म्हटलं तर लोक समजून घेतात. ठोकळे जोडतो म्हटलं तर तोंडाकडं बघत राहतील.

आता मुख्य घोळाकडं येते. माझं माहेर निपाणीकडचं. गावची जत्रा भरली की पाळणा यायचा, तो उंच गोल फिरणारा. वर गेलं की तंबाखूची वखार, पलीकडचा हायवे, सगळं खाली दिसायचं. लहानपणी मला त्यातनं उतरवायला वडलांना ओढावं लागायचं. तर असला पाळणा ठोकळ्यांत मिळतो असं मला कळलं. मोठा खोका, हँडल फिरवलं की खरोखर फिरणारा. खडेबाजारात नव्हता. ऑनलाइन मागवला. आणि आला नेमका मी शाळेत असताना.

शेजारच्या आक्कांनी तो घेऊन ठेवला. आक्का चिकोडीकडच्या जैनांच्या, घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि मनानं इतक्या चांगल्या की कधी कधी भीती वाटते. मी त्या दिवशी शाळेतनं लवकर आले होते, पित्त झालेलं, सकाळी दोनदा उलटी. भिंतीपलीकडं त्यांना ती ऐकू गेली असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या खोका दोन्ही हातांनी सांभाळत माझ्या दारात आल्या.

"काय गं एवढं मोठं? जड हाय की."

"पाळणा हाय, आक्का," मी म्हटलं.

आक्का एकदम थांबल्या. "पाळणा?"

"व्हय. लई दिवस मनात होता. आता म्हटलं वय निघून चाललंय, आता न्हाय तर कधी?" मला लाज वाटत होती, चेहरा गरम झालेला मला कळत होता. खोका ओढून घ्यायला मी वाकले तर त्यांनी मला हात लावू दिला नाही, स्वतः आत आणून ठेवला. "कुणाला सांगू नका हं आक्का," मी म्हटलं. "लोक हसतील."

"अय्य यव्वा, हसतील कशाला?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं कांदा चिरत होत्या. "न्हाय सांगत. पण पाळणा एवढ्या लवकर आणू नये गं. आधी सगळं नीट होऊ दे की."

मला वाटलं माझ्या पित्ताबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "लवकर आणलेला बरा. जोडायलाच महिना-दोन महिने जातील."

आता हे लिहिताना माझं मलाच कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय. मराठीत जत्रेतलाही पाळणा आणि बाळाचाही पाळणाच. एखाद्या भाषेनं माणसाचा इतका अंत बघावा?

आक्कांनी शब्द पाळला. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, फक्त आत्तींना फोन केला. कारण ज्या बाईचा तो हक्क, तिच्यापासनं लपवणं त्यांच्या हिशोबात पाप.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हेही सांगते. रोज जेवणाआधी थोडा वेळ आणि रविवारी सगळी सकाळ, आम्ही पाळणा जोडत होतो. आधी पाया, मग दोन्ही बाजूंचे खांब, मग ते भलंमोठं चाक. चाकाचे आरे दिसायला सारखेच, पण बसवायला चिवट. एक बसला की समोरचा निसटायचा. हे दोन्ही हातांनी चाक धरून बसायचे, मी आतनं आरे सरकवायची, आणि दोघंही श्वास रोखून. शेवटचा आरा बसला तेव्हा ह्यांनी टाळी वाजवली. कारखान्यात दिवसभर लोकांची ओरड ऐकून येणारा माणूस, आणि टाळी वाजवतोय! मला इतकं हसू आलं की डोळ्यांतनं पाणी.

बाहेर काय चाललंय ह्याचा मला पत्ताही नव्हता. आक्का रोज काहीतरी आंबट पाठवायच्या, कैरीचं लोणचं, चिंचेचं सार; मला वाटलं, पित्तानं माझ्या तोंडाची चव गेली असेल म्हणून पाठवतायत. पाण्याचा कॅन त्यांचा नोकर वर आणून ठेवायला लागला. आत्तींचे फोन वाढले. "स्कूटी हळू चालीव. जड उचलू नगो. पपई खाऊ नगो." पपई म्हटल्यावर एखादी बाई चटकन समजली असती. पण उपचारांच्या सगळ्या वर्षांत मला पपई बंदच होती. आत्ती आपल्या सवयीनं म्हणतायत असं मला वाटलं. उघड कुणी एक शब्द विचारला नाही. आमच्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत ती गोष्ट तोंडातनं काढतच नाहीत, नजर लागते म्हणून. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे गप्प. एवढी एक चांगली रीत, आणि तिनंच माझा गळा धरला.

दसऱ्याच्या सुट्टीत एका सकाळी आत्ती बेळगुंदीच्या बसनं आल्या. हातात वायरची पिशवी, नवीन चप्पल. मागनं आक्का आल्या आणि त्यांनी दाराला आतनं कडी घातली. मला काही कळायच्या आत मला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं. हिरवा खण, तांदूळ, नारळ आणि पाच फळं माझ्या पदरात आली. मी हसत होते, सांगते, हसत होते. मला वाटलं दसऱ्याची काहीतरी रीत असेल. नारळाचं ओझं मांडीवर आलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही चोरचोळी होती. तिसऱ्या महिन्यात सासूनं गुपचूप सुनेची ओटी भरायची असते ती. माझ्या सगळ्या चुलत जावांची झाली होती. ती बघायला मला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

"आत्ती," मी म्हटलं, "थांबा, आत्ती..."

आत्तींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलायचं न्हाय. काय बोलू नगो. तोंडातनं काढलं की वारं लागतं." शेतातल्या कामानं तळव्याला पडलेल्या भेगा माझ्या ओठांना लागत होत्या. मी डोळ्यांनी आक्कांकडं बघितलं, तर त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. मग आत्ती माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "देवीला लुगडं नेसवून आलो. नवस फेडला बघ." बोलायचं नाही, हीच रीत. त्या रीतीतनं बाहेर यायला मला वाटच सापडली नाही. पदरात नारळ धरून मी तशीच बसून राहिले.

दुपारी हे आले तेव्हा मी त्यांना मागच्या खोलीत ओढलं. सगळं सांगितलं. हे खुर्चीवर बसले ते बसलेच.

"सांगायला पाहिजे," हे म्हणाले.

"सांगा की मग. तुमची आई."

"माझ्यानं न्हाय व्हायचं गं. तू सांग."

"मी? मी का? ठोकळे निवडले कुणी, चाक धरलं कुणी, टाळ्या वाजवल्या कुणी?"

"हळू बोल," हे म्हणाले. ह्यांना एवढंच येतं. मी इतकी चिडले की ओढून दार लावलं, आणि दार लावल्याचा आवाज झाला म्हणून आत्ती स्वयंपाकघरातनं धावत आल्या, मी पडले की काय म्हणून. माझ्या पाठीवरनं हात फिरवून बघितला. त्या बाईपुढं तोंड उघडायची माझी हिंमतच खचली. संध्याकाळ अशीच गेली. आत्तींनी माझ्यासाठी भाकरीवर तुपाची धार सोडली, आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी म्हटलं, "आत्ती, इकडं या जरा." मागच्या खोलीत नेलं. टेबलावर पाळणा उभा होता, पूर्ण झालेला, रंगीत. मी म्हटलं, "आक्कांना मी पाळणा म्हटलं तो हा. जत्रेतला." आणि हँडल फिरवलं. पाळणा फिरला. छोट्या छोट्या पेट्या वर गेल्या, खाली आल्या. आत बसवलेल्या बाहुल्या तशाच हसऱ्या.

आत्ती बघत राहिल्या. "ह्यो पाळणा?"

"व्हय."

"तू केलीस?"

"आम्ही दोघांनी."

"कशाला?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. "बरं वाटतं, आत्ती," मी म्हटलं. "दुसरं काय न्हाय. बरं वाटतं."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी विचारलं, "आणि वांती?"

"पित्त होतं."

"म्हणजे काय न्हाय?"

"न्हाय, आत्ती. काय न्हाय."

त्या ओरडतील, मला वाटलं. मला तेच हवं होतं, खरं सांगते. त्या ओरडल्या असत्या तर मीही उलटं बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी फक्त पदरानं गुडघ्यावरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती. मग म्हणाल्या, "जावंला सांगितलंय गं मी. गल्लीत पण कुणकुण हाय."

"मी सांगते सगळ्यांना. आक्कांना आत्ताच जाऊन सांगते, खेळणं होतं म्हणून. चूक झाली, समजून घेतील."

"खेळणं होतं म्हणून सांगणार?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "पोर न्हाय म्हणून बाई खेळण्यानं खेळती म्हणतील. येडी ठरवतील तुला. ह्या खोलीत बघायला येतील एकेक. जल्मभर हसतील." त्या उठल्या. "रडत येऊ देत. हसत नगो."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. आत्ती चपला न घालता शेजारी गेल्या. भिंतीपलीकडनं एकदम आक्कांचा हुंदका ऐकू आला. आत्ती परत आल्या आणि दारातच म्हणाल्या, "पडलं म्हणून सांगितलंय. गावाकडं पण फोन केलाय. दुपारच्या बसनं येतील बायका. तू पड."

"आत्ती, काय बोलता! नसलेलं पोर कसं पडेल?"

"पड म्हणतोय न्हवं? आणि हे उतरव आधी." त्यांनी पाळण्याकडं बोट केलं, त्याच्याकडं न बघता. "बायका ह्या खोलीत पण येतील."

आमचे हे म्हणाले, "आई, असं कसं..." आणि आत्तींनी त्यांच्याकडं एकदाच बघितलं. हे गप्प झाले. मी नाही गप्प झाले. मी पुष्कळ बोलले. माझ्या घरात माझ्या नावानं हे काय चाललंय म्हटलं, मी मास्तरीण आहे म्हटलं, वर्गातल्या पोरांना खरं बोला म्हणून सांगते म्हटलं. आत्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि गॅसवर माझ्या आंघोळीचं पाणी ठेवलं. भिंतीपलीकडं आक्का रडतच होत्या. आता खरं सांगायला गेले असते तर आत्ती खोट्या पडल्या असत्या, त्यांच्या गावात, देवीपुढं, जावेपुढं. एवढं मला करवलं नाही. मी हरले.

मग आम्ही पाळणा मोडला. हे चाक धरून बसले, मी पेट्या काढल्या. बाहुल्या काढल्या. आरे काढले. ठोकळे सुटे करायची एक चपटी पट्टी मिळते, ती लावली की जोड उचलून येतो. घाईत ती सापडेना, तर नखांनी आणि दातांनी काढलं. वाट्यांत निवडायला वेळ नव्हता. सगळे रंग एकाच बादलीत. दोन महिने जोडला तो एका सकाळीत उतरला. ह्यांनी बादली माळ्यावर सारली आणि खाली उतरून माझ्याकडं न बघता हात धुवायला गेले. टेबल रिकामं झालं. मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय ह्याचा इतका राग आला, की मी खरोखरच जाऊन पलंगावर पडले.

बायका आल्या. आत्तींच्या जाऊ, चुलत सासू, गल्लीतल्या दोघी, आक्का. कुणी आळीव आणलेले, कुणी तूप. मला उठू दिलं नाही. पायांवर चादर घातली, खिडकी लावून घेतली, वारं लागू नये म्हणून. खाली फरशीवर बसून त्या हळू आवाजात बोलत होत्या. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, चोरासारखी. मनात म्हणत होते, जा आता, बायांनो, उठा, जा. आत्तींच्या जाऊ म्हणाल्या, "माझी दोन अशीच गेलती. पयली तर कुणाला कळली बी न्हाय. दुसऱ्या दिशी मी शेतात भांगलायला गेलतो." कुणीतरी म्हणालं, "व्हय, तवा रडायला बी सवड नसायची." मग आक्का काही बोलल्या, पण कानडीत, अगदी हळू, आणि मला एवढंच कळलं की त्यांचंही एक गेलेलं. आमच्या भिंतीला भिंत लावून त्या इतकी वर्षं राहतात, मला ठाऊक नव्हतं.

चुलत सासू, सगळ्यांत म्हाताऱ्या, पलंगाशी आल्या आणि माझ्या केसांवर हात ठेवून म्हणाल्या, "रड गं पोरी. मनात ठेवू नगो. रड."

मला सांगायचं होतं, रडायला काही नाही हो, ठोकळे होते. आणि पहिल्यांदा मी त्या ठोकळ्यांसाठीच रडले, हे खरं आहे; इतका सुंदर पाळणा माझ्या डोळ्यांपुढं बादलीत गेला होता. पण रडणं सुरू झाल्यावर थांबेना. किती महिने, किती वर्षं, दर वेळी वाट बघितली होती आणि दर वेळी गेलं होतं, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन फळ्यावर बेरजा घातल्या होत्या. तेव्हा कुणी तूप घेऊन आलं नव्हतं. यायचं तरी कशाला, काही होतंच कुठं जायला? आणि आज ह्या बायका आल्या होत्या, बस पकडून, खोट्यासाठी, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी तोंडात चादर कोंबून रडत होते. कुणी पाठ चोळत होतं, कुणी पाय.

त्या खोलीत एकट्या आत्तींना ठाऊक होतं की काहीच नव्हतं. पण माझ्या पायाशी बसून त्या माझ्याहून मोठ्यानं रडत होत्या, आणि त्यांना गप्प करायला एकही बाई उठली नाही.